बीड जिल्ह्यातील गोधडी

गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे अनेक थर एकमेकांवर रचून आणि ते धावदोऱ्याच्या टाक्यांनी हाताने शिवून तयार केलेले जाड अंथरूण-पांघरूण होय. मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत तिला वाकळ असेही म्हणतात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत गोधडी शिवली जात असली, तरी बीड जिल्ह्यात ती केवळ घरातील वस्तू नाही. ऊसतोडणीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या फिरत्या संसाराचा ती एक आवश्यक भाग आहे. गोधडीकाम हा परंपरेने कोणत्याही एका जातीचा किंवा कारागीर वर्गाचा व्यवसाय नव्हता. शिंप्याचे काम नवे कापड बेतण्याचे, तर गोधडी हे घरातील स्त्रियांचे, विनामोबदला व आप्तांसाठी केले जाणारे काम मानले जाई.

== नावे व प्रकार ==

आकार, जाडी आणि उपयोग यांनुसार गोधडीला वेगवेगळी नावे आहेत. मोठ्या व जाड गोधडीस वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलाला गुंडाळण्यासाठी किंवा त्याच्याखाली अंथरण्यासाठी केलेल्या लहान व मऊ गोधडीला दुपटे म्हणतात. बसण्यासाठी शिवलेल्या छोट्या चौकोनी तुकड्याला बसकर असे नाव आहे. केवळ लहान-लहान चिंध्या जोडून वरचा थर तयार केला असेल, तर ती तुकड्यांची गोधडी होय. अखंड लुगडे किंवा साडी वर घेतली असेल, तर काठ आणि पदर हेच तिचे नक्षीकाम ठरते.

== पार्श्वभूमी ==

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, तर जिल्ह्याच्या मध्यातून बालाघाटची डोंगररांग जाते. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज या भागांतील बरीच शेती कोरडवाहू आहे. पाऊस कमी आणि बेभरवशाचा असल्याने दुष्काळ हा येथील जीवनाचा नेहमीचा अनुभव आहे. गेवराई, माजलगाव या पट्ट्यात कापूस हे महत्त्वाचे पीक असले, तरी कापूस पिकवणाऱ्या घरात नवे कापड मुबलक असेच असे नाही. कापूस विकला जाई आणि कापड बाजारातून विकत आणावे लागे. त्यामुळे एकदा घरात आलेले कापड पूर्ण झिजेपर्यंत वापरण्याची रीत रूढ झाली. लुगडे फाटले की त्याच्या चांगल्या भागातून परकर, मुलांचे कपडे किंवा उशीची खोळ निघे; त्यानंतर उरलेले गोधडीत जाई आणि अगदी शेवटी चिंधीची चुंबळ किंवा पायपुसणे होई.

हिवाळ्यात बालाघाटच्या पठारावर रात्री बऱ्याच थंड असतात. लोकरीची घोंगडी महाग असल्याने सामान्य घरांत थंडीपासून संरक्षणाचे मुख्य साधन गोधडी हेच होते.

== साहित्य ==

गोधडीसाठी वापरून मऊ झालेले सुती कापड सर्वोत्तम मानले जाते. लुगडी, धोतरे, फेटे, सदरे आणि परकर यांचा त्यात समावेश असे. शिवण्यासाठी लांब सुई, जाड दोरा आणि कात्री एवढीच साधने पुरतात. थर फार जाड असल्यास दाभण वापरतात. बोटाला टोचू नये म्हणून काही स्त्रिया धातूचे अंगुस्तान घालतात. पूर्वी सुया, दाभण, पोत आणि बिबे विकणाऱ्या स्त्रिया गावोगाव फिरत. जुने कपडे किंवा धान्य देऊनही त्यांच्याकडून सुया घेता येत.

एका गोधडीस किती कापड लागते, याचा हिशेब लुगड्याच्या मापावरून मांडता येतो. नऊवारी लुगड्याची लांबी ९ वार, म्हणजे सुमारे ८.२ मीटर असते. त्याचे चार समान तुकडे केल्यास प्रत्येक तुकडा सुमारे २ मीटर लांब होतो. दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की दोन माणसांना पुरेल असा एक थर तयार होतो. अशा रीतीने एका लुगड्यातून मोठ्या गोधडीचे दोन थर निघतात आणि सहा थरांच्या गोधडीला तीन लुगडी लागतात. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर असल्याने तिचे तीनच तुकडे पडतात. त्यामुळे नऊवारीचा वापर कमी झाल्यावर गोधडीचा जुना बेत बदलला.

== शिवण्याची पद्धत ==

गोधडी प्रामुख्याने उन्हाळ्यात, शेतीची कामे कमी असताना शिवली जाते. कापड आधी स्वच्छ धुऊन वाळवतात. शिवणी, काजे आणि जाड गाठी काढून टाकतात, कारण त्या अंगाला टोचतात आणि सुईला अडतात.

ओसरीवर किंवा अंगणात खालचे कापड ताणून अंथरतात आणि त्याची टोके दगडांनी दाबून धरतात. त्यावर फाटके तुकडे सपाट मांडले जातात. कोठे खोलगट भाग राहिल्यास तेथे आणखी चिंधी घालून थर समपातळीत आणतात. सर्वांत वर चांगले, रंग टिकलेले कापड घेतात. मग थर हलू नयेत म्हणून लांब-लांब कच्चे टाके घालतात. कडा आत दुमडून किंवा वेगळ्या रंगाच्या कापडाचा गोट लावून शिवल्यावर पक्क्या टाक्यांना सुरुवात होते.

टाके घालण्याच्या दोन पद्धती दिसतात. पहिलीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत समांतर ओळी घालतात. दुसरीत कडेने चौकोनी फेरा घेत आत-आत जातात आणि शेवटचा टाका मध्यभागी पडतो. दोन-तीन स्त्रिया वेगवेगळ्या बाजूंनी बसून एकच गोधडी शिवू शकतात. प्रत्येकीच्या टाक्याची लांबी व ताण वेगळा असल्याने कोणती बाजू कोणी शिवली, हे जाणकार स्त्रिया पाहताक्षणी सांगतात.

या कामाला लागणारे श्रम सहज लक्षात येत नाहीत. २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गोधडीवर अडीच सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्या, तर सुमारे ६० ओळी होतात आणि शिवणीची एकूण लांबी १२० मीटर भरते. टाका आणि त्यापुढील मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरल्यास एका गोधडीत सुमारे १२,००० टाके पडतात. ओळी अधिक जवळ घेतल्यास ही संख्या दुप्पट होते. घरकाम सांभाळून हे काम पूर्ण होण्यास अनेक दिवस लागतात.

== उष्णता टिकवण्याचे तत्त्व ==

गोधडीची ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे मिळते. स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने शरीराची उष्णता लवकर बाहेर जात नाही. टाके विरळ असले तर धुताना आतील चिंध्या गोळा होतात आणि त्या जागी गोधडी पातळ पडते. टाके फार घट्ट ओढले तर थर चेपले जाऊन हवेची जागा कमी होते. त्यामुळे दोरा ताणाविना पण सैल न सोडता ओढणे हे गोधडीकामातील मुख्य कौशल्य आहे. सुती कापड घामही शोषून घेते. कृत्रिम धाग्याच्या साड्या टिकाऊ असल्या तरी घाम कमी शोषतात, निसरड्या असल्याने थर सरकतात आणि विस्तवाच्या ठिणगीने वितळतात.

== बाळंतविडा व इतर घरगुती शिवण ==

मुलीच्या पहिल्या बाळंतपणात माहेरकडून बाळासाठी दिल्या जाणाऱ्या कपड्यांच्या संचाला बाळंतविडा म्हणतात. त्यात झबली, टोपडी, लंगोट, दुपटी आणि कुंची यांचा समावेश असतो. कुंची म्हणजे डोके झाकून पाठीवर खाली येणारे टोपीसारखे वस्त्र. रोजच्या वापरातील दुपटी आजी किंवा आई यांच्या जुन्या लुगड्यांपासून करतात. तान्ह्या मुलाच्या कोवळ्या त्वचेला नव्या कापडाची खळ व खरखरीतपणा सोसत नाही, हे त्यामागील व्यावहारिक कारण होय. कुंचीला मात्र खण किंवा रेशमी कापड, जर आणि मोती लावून सजवण्याची पद्धत आहे.

लग्नातील रुखवतात हाताने केलेली तोरणे, रुमाल, पिशव्या, उशांचे अभ्रे आणि मण्यांच्या वस्तू मांडल्या जातात. पान-तंबाखूसाठी अनेक कप्प्यांची चंची आणि पैशांसाठी बटवा घरीच शिवला जाई. पोळ्याला बैलांच्या पाठीवर घालायची झूल तुकडे जोडून तयार करण्याची पद्धतही याच शिवणकामाशी नाते सांगते. जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे भरतकाम केलेल्या फेटिया व काचळी यांची स्वतंत्र परंपरा आहे.

== ऊसतोड स्थलांतर आणि गोधडी ==

बीड हा महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांचा प्रमुख जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर, साधारणतः पाडव्याच्या आसपास किंवा त्यानंतर परततात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून तिला आगाऊ ‘उचल’ मिळते.

ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पीठ, भांडी आणि सरपणासोबत गोधड्यांचे गाठोडे असते. पाचट, बांबू आणि प्लास्टिकचे कापड यांच्या कोपीत कडाक्याच्या थंडीचे महिने काढावे लागतात. अशा ठिकाणी गोधडी अंथरूण, पांघरूण, आडोसा आणि झोळी अशी अनेक कामे करते. पहाटे तोडणीला जाताना लहान मूल गोधडीत गुंडाळून फडाच्या कडेला निजवले जाते.

या स्थलांतराचा परिणाम गोधडीच्या परंपरेवरही झाला आहे. वर्षातील जवळपास सहा महिने गावाबाहेर गेल्याने शिवणकामासाठी उन्हाळ्याचे थोडे दिवस उरतात आणि त्यातही पाणीटंचाईमुळे पाणी आणण्यात बराच वेळ जातो. सासू किंवा आजी म्हाताऱ्या वयामुळे गावीच राहतात, तर लेकी-सुना फडावर असतात. एकत्र बसून शिकण्याची संधी त्यामुळे कमी झाली आहे. ज्या कुटुंबांना गोधडीची सर्वाधिक गरज असते, त्यांनाच ती शिवण्यास सर्वांत कमी वेळ मिळतो.

== निगा ==

घटस्थापनेपूर्वी घराची सफाई करून सर्व कपडे, अंथरुणे-पांघरुणे धुण्याच्या प्रथेला मराठवाड्यात ‘दसरा काढणे’ म्हणतात. या वेळी गोधड्या नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीवर नेऊन धुतल्या जातात. ओली गोधडी अतिशय जड होत असल्याने तिला पिळण्यासाठी दोघे लागतात. ती खडकावर किंवा कुंपणावर कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवतात. आतील थर ओलसर राहिल्यास कुबट वास येतो आणि कापड लवकर कुजते. पाऊस न झालेल्या वर्षी ही धुलाई गावकऱ्यांना टँकरच्या पाण्यावर भागवावी लागते. जुनी गोधडी फाटल्यावर ती फेकून न देता तिच्यावर नवे कापड चढवून पुन्हा शिवतात. म्हणून एकाच गोधडीत दोन-तीन पिढ्यांचे कपडे सापडू शकतात.

== संस्कृती आणि साहित्यात ==

चिंध्या जोडून केलेल्या वस्त्रास संस्कृतमध्ये कंथा म्हणतात. ती वैराग्याची खूण मानली गेली आणि नाथपंथी योग्यांच्या वेशात तिला स्थान मिळाले. आष्टी तालुक्यातील सावरगाव येथे मच्छिंद्रनाथांचे मायंबा हे स्थान असून जिल्ह्यात नाथपंथाचा प्रभाव आहे. चिंध्या जोडलेला वेश वापरणारे संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) यांना ‘गोधडे महाराज’ आणि ‘चिंधेबुवा’ अशी नावे लोकांनी दिली होती. कवी कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता शालेय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने विद्यार्थ्यांना हा विषय परिचित आहे. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत सचित्र ग्रंथ लिहिला आहे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हणही बेताच्या संसारातील अंथरुणाचे मोल सांगते.

== इतर प्रदेशांतील समान कला ==

जुने कापड धावदोऱ्याने जोडण्याची कला भारतीय उपखंडात सर्वत्र आढळते. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, सिंध व त्यालगतच्या राजस्थान-गुजरातमधील रल्ली आणि कर्नाटकातील कौदी ही तिची रूपे आहेत. उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या कौदीत ठळक रंगांचे तुकडे वापरतात. कांथ्यात टाक्यांनी चित्रे व आकृती काढल्या जातात. मराठवाड्यातील गोधडीत टाका मुख्यतः थर बांधून ठेवण्याचे काम करतो आणि सौंदर्य कापडाच्या रंगसंगतीतून व टाक्यांच्या ओळींमुळे उठणाऱ्या लाटांतून येते. जपानमधील साशिको आणि बोरो या पद्धतींमागेही कापड जपून वापरण्याचाच विचार आहे.

== सद्यस्थिती ==

कारखान्यात तयार झालेल्या स्वस्त चादरी व कृत्रिम धाग्याची ब्लँकेटे आणि सुती साड्यांचा कमी झालेला वापर यांमुळे घरोघरी गोधडी शिवण्याचे प्रमाण घटले आहे. जुन्या साड्या घेऊन यंत्रावर गोधडी शिवून देणारे व्यावसायिक आता शहरांत व मोठ्या गावांत दिसतात. यंत्राची गोधडी काही तासांत तयार होते. मात्र तिची शिवण अधिक घट्ट असल्याने ती हाताच्या गोधडीइतकी मऊ पडत नाही.

दुसरीकडे, शहरी बाजारात हाताने शिवलेल्या गोधडीला मागणी निर्माण झाली आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि ‘उमेद’ या नावाने ओळखले जाणारे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांच्याशी जोडलेल्या बचत गटांची उत्पादने महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत विकली जातात. अशा विक्रीत किंमत ठरवणे हा कळीचा प्रश्न असतो. जुने कापड फुकट आणि स्त्रीचा वेळही फुकट, असे गृहीत धरले तर गोधडी स्वस्त वाटते. टाक्यांचा व दिवसांचा हिशेब मजुरीच्या दराने मांडला, तर तिची किंमत ब्लँकेटच्या कितीतरी पट होते. घरच्या माणसासाठी शिवलेल्या गोधडीला हा हिशेब कधी लावला गेला नाही, आणि त्यामुळे तिच्यामागचे श्रम दीर्घकाळ मोजलेही गेले नाहीत.