समर वॉर्डरोब : डिझायनर आपल्या शेजारीच!

मे महिन्यात आमच्या हिवरखेडला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि तरी आपण पॉलिस्टरचे टी-शर्ट घालून फिरतो. कमाल आहे ना बाप्पा!

थोडं सायन्स बघू. १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. प्रमाणित हवेत सूत ८.५ टक्के ओलावा धरतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४. म्हणून सुती कापड घाम शोषतं, पॉलिस्टर अंगाला चिकटतं.

मग स्टायलिश सुती कपडे कुठे शोधायचे? वर्ध्याचं मगन संग्रहालय बघा. १९३८ साली गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. तिथली खादी नैसर्गिक रंगांत मिळते. दागिन्यांसाठी चांदीचं खामगाव जवळच आहे. उन्हात धातू तापतो, तेव्हा नाजूक, हलकेच घ्या.

कापड अस्सल आहे का? एक धागा जाळा. सुताची राख होते, जळक्या कागदासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

मित्रांनो, कापूस आपला, तो कच्चाच विकतो आणि कपडा बाहेरचा घेतो. डिझायनर कोण हे जरूर विचारा, पण सूत कुठलं आणि विणलं कुणी, हेही विचारा!