नवी स्पोर्टी सेडान घेताय? चावी हातात येण्याआधी आणि पहिल्या १,५०० किलोमीटरमध्ये काय सांभाळायचं?

दसऱ्याच्या सकाळी कुठल्याही मोठ्या शोरूमबाहेर एकच दृश्य असतं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशांना झेंडूच्या माळा, पुढच्या चाकांखाली लिंबं. एका दिवसात डझनावारी गाड्यांच्या चाव्या द्यायच्या असल्याने प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. फोटो होतात, पेढे वाटले जातात आणि 'जरा पळवून बघू' म्हणत नवी कोरी गाडी थेट हायवेला लागते.

बहुतेक घरांमध्ये घराच्या कर्जाखालोखाल हा सर्वांत मोठा खर्च असतो. पण गाडी नीट तपासण्याची वेळ त्या अर्ध्या तासाच्या आधी येऊन जाते आणि इंजिनला सांभाळण्याची वेळ त्यानंतर लगेच सुरू होते. नेमक्या याच दोन ठिकाणी सगळ्यात जास्त घाई होते.

स्पोर्टी सेडान म्हणजे नेमकी कुठली?

भारतात आज विकल्या जाणाऱ्या कारपैकी निम्म्याहून अधिक गाड्या एसयूव्ही प्रकारातल्या आहेत. तरीही गाडी चालवण्याची हौस असलेला एक वर्ग सेडान सोडायला तयार नाही. कारण साधं आहे. गाडीची उंची कमी, त्यामुळे वजन जमिनीच्या जवळ आणि वळणावर अंग झुकणं कमी.

२० लाखांच्या आतबाहेर या वर्गासमोर मुख्यतः तीन नावं येतात. स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस आणि ह्युंदाई वेर्ना टर्बो. पहिल्या दोन गाड्या २०२२ मध्ये बाजारात आल्या. त्यांचा सांगाडा एकच आहे आणि दोन्ही पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात तयार होतात. त्यांच्या १.५ लिटर टर्बो इंजिनची ताकद १५० पीएस आणि टॉर्क २५० एनएम. २०२३ मध्ये नव्या रूपात आलेली वेर्ना चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरची, तिचं टर्बो इंजिन १६० पीएस आणि २५३ एनएमचं. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिघींनाही २०२३ मध्ये पाच तारे मिळाले.

स्लाव्हिया आणि व्हर्टसमध्ये १.० लिटरचं, ११५ पीएसचं इंजिनही मिळतं. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला ते पुरतं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला दोन्ही इंजिनं मागून घ्यावीत, आणि एकट्याने जाऊ नये. मागे तीन माणसं बसवून घराजवळचा सगळ्यात उंच स्पीडब्रेकर ओलांडून बघावा. सेडानचं पोट कुठे घासतं ते ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं.

१७ लाखांची गाडी २० लाखांची कशी होते?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची रचना बदलली. चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल कारला १८ टक्के, बाकी मोठ्या गाड्यांना ४० टक्के. इथे अनेकांची गल्लत होते. १.० लिटरची स्लाव्हिया 'छोट्या इंजिनाची' असली तरी तिची लांबी साडेचार मीटर आहे, त्यामुळे तिलाही ४० टक्केच लागतात. तरी हा फायदाच म्हणायचा, कारण आधी जीएसटी आणि सेस मिळून याच गाड्यांवर ४५ टक्के कर होता.

त्यानंतर राज्याचा कर. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० ते २० लाखांच्या पेट्रोल कारला १२ टक्के. एक्स-शोरूम किंमत १७ लाख धरली तर रस्ता कर २ लाख ४ हजार. वर १ टक्का टीसीएस, म्हणजे १७ हजार. टीसीएस हा खर्च नाही. आयकर विवरणपत्र भरताना तो जमेला धरता येतो, मात्र शोरूमला पॅन नंबर बरोबर दिलेला हवा. पुष्कळ जण हे पैसे विसरून जातात.

विम्याच्या बाबतीत ग्राहकाचा हक्क स्पष्ट आहे. २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. बाहेरून दोन कोटेशन आणून टेबलावर ठेवली की शोरूमचा आकडा बऱ्याचदा आपोआप खाली येतो. झीरो डेप्रिसिएशन आणि 'रिटर्न टू इनव्हॉइस' ही जोड नव्या गाडीला उपयोगाची आहे. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या शहरात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्टही घ्या. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा स्टार्ट केली आणि सिलिंडरमध्ये पाणी शिरलं, तर साधी पॉलिसी सहसा हात वर करते.

'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ दिसली तर तिचा खुलासा मागा. ते सरकारी शुल्क नाही.

मुहूर्त पाळा, पण तपासणी आधी

नव्या गाडीची डिलिव्हरीपूर्व तपासणी, म्हणजे पीडीआय, शोरूम स्वतः करतंच. खरेदीदाराने केलेली तपासणी वेगळी, आणि ती नोंदणी होण्याच्या आधी व्हायला हवी. एकदा नंबर पडला की गाडी कागदोपत्री तुमची. मग दारावरचा ओरखडा कारखान्यातला, ट्रकमधला की यार्डातला, हा वाद घालण्यात अर्थ उरत नाही. म्हणून दसरा किंवा पाडव्याची डिलिव्हरी हवी असेल, तर चार-पाच दिवस आधी दिवसाउजेडी यार्डात जाऊन गाडी बघायची. संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये रंगातला फरक दिसत नाही.

सुरुवात कागदाने करावी. गाडीवर कोरलेला १७ अक्षरांचा चेसिस नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहायचा. निर्मितीचा महिना आणि वर्ष गाडीवरच्या पाटीवर असतं, विक्री प्रमाणपत्रात म्हणजे फॉर्म २१ मध्येही असतं. जानेवारीत गाडी घेणाऱ्याला आदल्या वर्षीची गाडी मिळणं नेहमीचं आहे. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण पुढे विकताना वर्ष मोजलं जातं. तेव्हा सूट आत्ताच मागितली पाहिजे.

मग टायर. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३२२५' म्हणजे २०२५ चा ३२वा आठवडा. चारही टायर साधारण एकाच काळातले आणि गाडीच्या निर्मितीच्या थोडे आधीचे असावेत. एकच काच किंवा एकच टायर वेगळ्या तारखेचा निघाला, तर तो का बदलला, हे विचारायचा हक्क आहे. ओडोमीटरवर थोडे किलोमीटर असणारच, पण आकडा शंभरीकडे झुकत असेल तर ती टेस्ट ड्राइव्हला फिरलेली असू शकते. दारं आणि बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, बोल्टच्या रंगावर पान्याच्या खुणा आहेत का, एसी, सगळ्या काचा, कॅमेरा, दोन्ही चाव्या. अर्ध्या तासाचं काम आहे. सेल्समनला कितीही घाई असली तरी ते उरकू नये.

लिंबाबद्दल एक सूचना. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लिंबू चिरडण्याच्या विधीत जास्त अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला आणि नवी गाडी शोरूमच्या पहिल्या मजल्यावरून खाली आली. १५० पीएसची ऑटोमॅटिक पहिल्यांदाच चालवणाऱ्याने हा विधी एखाद्या सरावलेल्या माणसाकडून करून घेतलेला बरा.

इंजिन 'मोकळं' होतं म्हणजे काय होतं?

गावाकडे जात्याला टाकी लावली की पहिलं दळण टाकून देतात, कारण त्यात दगडाची कच येते. नव्या इंजिनात असंच काहीसं, पण फार बारीक प्रमाणात घडतं.

सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तिच्यावर कारखान्यात मुद्दाम तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा काढलेल्या असतात. त्या रेघांमध्ये तेल टिकून राहतं. पिस्टनभोवतीच्या रिंग या भिंतीवर घासत वरखाली होतात आणि सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये दोघांचे बारीक उंचवटे झिजून ती एकमेकांना जुळतात. ही जुळणी जितकी चांगली, तितका ज्वलनाचा दाब खाली निसटत नाही आणि खालचं तेल वर येऊन जळत नाही.

रिंगला भिंतीवर दाबण्याचं मोठं काम हा ज्वलनाचा दाबच करतो. म्हणून गाडी फारच हळुवार चालवली, तर दाब पुरेसा तयार होत नाही, जुळणी अर्धवट राहते आणि रेघांवर तेलाचा चकचकीत थर बसतो. असं इंजिन पुढे तेल पीत राहतं. उलट पहिल्या दिवसापासून लाल पट्ट्यापर्यंत ताणली, तर न जुळलेल्या पृष्ठभागांवर उष्णता वाढून ओरखडे पडू शकतात. 'नवी गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही' हा आजोबांच्या काळातला नियम आणि 'पहिल्याच दिवशी दणकून चालवा' हा व्हिडिओंमधला सल्ला, दोन्ही टोकाचे आहेत.

स्कोडाचं मॅन्युअल पहिल्या १,५०० किलोमीटरबद्दल बोलतं. पहिले १,००० किलोमीटर इंजिन कमाल आरपीएमच्या तीन चतुर्थांशाच्या वर न्यायचं नाही आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही. लाल पट्टा ६,००० ला सुरू होत असेल तर मर्यादा ४,५००. त्यापुढच्या ५०० किलोमीटरमध्ये हळूहळू वाढवत न्यायचं. ४,५०० ही काही छोटी मर्यादा नाही. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १,६०० पासूनच मिळायला लागतो, त्यामुळे ओव्हरटेक अडत नाही.

आता समृद्धी महामार्गाचं. नागपूर ते मुंबईकडचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि नव्या गाडीची पहिली सहल तिथेच व्हावी असं अनेकांना वाटतं. इंजिन जुळण्यासाठी हा रस्ता फारसा चांगला नाही. क्रूझ कंट्रोल लावून तीन तास एकाच वेगाने गेलं की इंजिन एकाच आरपीएमवर, एकाच भारावर फिरत राहतं. त्याला हवी असते चढउतार. पुण्याहून वाईला जाऊन पसरणी घाटाने पाचगणी गाठली तर चढावर भार, उतारावर गिअरमध्ये राहून इंजिन ब्रेकिंग, मधे सपाटी, असं सगळं आपोआप मिळतं. समृद्धीवर जायचंच असेल तर दर काही मिनिटांनी वेग बदलत राहा आणि मधे थांबा.

सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं जपायची, हे तर दीड हजार किलोमीटरनंतरही लागू आहे. पाण्याचं तापमान ९० दाखवायला लागलं तरी तेल अजून गरम व्हायचं असतं.

टर्बो इंजिनात आणखी एक चूक मायलेजच्या हव्यासाने होते. वरच्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर गाडी कुंथत असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबणं. अशा वेळी ठिणगी पडण्याआधीच इंधन पेटू शकतं आणि त्याचा दणका पिस्टनला बसतो. गिअर खाली टाकणं इंजिनच्या जास्त हिताचं. तेलही मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचंच हवं, कारण नव्या दर्जाची तेलं हा धोका ध्यानात घेऊन बनवलेली असतात.

ब्रेक आणि टायरही नवेच असतात

नव्या ब्रेक पॅडना डिस्कशी जुळायला साधारण २०० किलोमीटर लागतात, नव्या टायरना पूर्ण पकड यायला ५०० च्या आसपास. तोवर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवायचं, आणि ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. इंजिनच्या काळजीत हा भाग विसरला जातो, खरं तर जिवाशी त्याचाच जास्त संबंध आहे.

ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, उदाहरणार्थ फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा डीएसजी, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये वेगळी शिस्त मागतो. त्यात क्लच कोरडा असतो. ब्रेक अर्धवट सोडून इंच-इंच सरकत राहिलं की तो घासून तापतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यावी, मग एकदाच पुढे जावं. मधे कोणी तरी घुसणारच, त्याला इलाज नाही.

वॉरंटी कशाने जाते?

दीड हजार किलोमीटर झाले की तरुण मालकांच्या ग्रुपवर पहिला विषय निघतो रीमॅपचा. इंजिनच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून वीस-पंचवीस टक्के ताकद वाढवता येते, आणि स्वस्तात. पण प्रोग्रॅम पुन्हा मूळचा केला तरी बदल झाल्याची खूण सर्व्हिस सेंटरच्या यंत्रात सापडू शकते. टर्बो किंवा गिअरबॉक्सचा लाखाच्या घरातला दावा मग फेटाळला जातो, आणि बदल कळवलेला नसेल तर विमा कंपनीलाही कारण मिळतं. बाहेरच्या दुकानात वायर कापून बसवलेले हॉर्न, दिवे यांचंही तेच. त्या वायरिंगशी संबंधित बिघाड पुढे स्वतःच्या खिशातून. शिवाय कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं.

सर्व्हिस वेळेत करून त्याची नोंद ठेवणं मात्र फुकट आहे. पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये नवं इंजिन थोडं तेल पितं, ते नैसर्गिक आहे. फोक्सवॅगन समूहाच्या मॅन्युअलमध्ये १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप मर्यादेत धरला आहे. पुढच्या सर्व्हिसला बरेच महिने असतात, म्हणून महिन्यातून एकदा सपाट जागी गाडी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबावं आणि डिपस्टिक पुसून बघावी. खूण खालच्या रेघेजवळ आली असेल तर वर भरावं, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. पातळी दर महिन्याला उतरतच राहिली, तर वॉरंटी शिल्लक असतानाच ती वही घेऊन सर्व्हिस सेंटर गाठावं.