शब्द एक, अर्थ दोन

शिक्षा म्हणजे काय? आपण म्हणू, दंड. चोरी केली, शिक्षा झाली. पण नागपूर ओलांडून मध्य प्रदेशात गेलात, की सरकारी कचेरीच्या पाटीवर 'शिक्षा' हा शब्द मोठ्या अक्षरांत दिसेल. घाबरू नका. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. 'चेष्टा' शब्दाचेही तसेच. आपली चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीतली चेष्टा म्हणजे प्रयत्न.

पण मराठी आणि हिंदी या दोन भाषा आहेत. तिथे असे होणारच. इंग्रजीची गंमत निराळी. तिथे भाषा एकच, पण देश बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो.

हे झाले कसे? १६०७ साली इंग्लंडातली काही माणसे जहाजाने अमेरिकेत गेली आणि व्हर्जिनिया भागात कायमची वस्ती करून राहिली. मागून आणखी हजारो गेली. बरोबर आपली बोली घेऊन गेली. मधे एवढा मोठा महासागर. त्या काळी ना तार, ना टेलिफोन. सासरी गेलेल्या मुलीची बोली हळूहळू बदलते, तसे झाले. आणि माहेरची बोली तरी जागच्या जागी थोडीच राहते?

'कॉर्न' शब्द घ्या. इंग्लंडात कॉर्न म्हणजे धान्य, बहुतेक करून गहू. अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथल्या आदिवासींच्या शेतात मका पाहिला. त्यांनी त्याला 'इंडियन कॉर्न' म्हटले. पुढे 'इंडियन' गळून पडले, नुसते 'कॉर्न' राहिले. आपल्याकडे गाडीवर उकडलेले 'स्वीट कॉर्न' मिळते, ते हे अमेरिकेतले कॉर्न.

खाण्याचे असे पुष्कळ शब्द आहेत. इंग्लंडात 'चिप्स' मागितले, तर बटाट्याचे जाड तळलेले तुकडे गरम गरम पुढे येतील. अमेरिकेत चिप्स म्हणजे आपले पातळ, कुरकुरीत वेफर. 'बिस्किट' म्हणाल, तर अमेरिकेत मऊ पावासारखा पदार्थ मिळेल. तो चहात बुडवायचा नसतो. कपड्यांतही तोच घोळ. आपण पायात घालतो ती पँट. अमेरिकेतही तीच. पण इंग्लंडात चारचौघांत "माझी पँट भिजली" म्हणालात, तर लोक हसतील. तिथे तो शब्द आतल्या चड्डीला आहे. आणि आपण तरी काय कमी? आपल्याकडे 'हॉटेल' म्हणजे चहा-भजी खायची जागा. परदेशी पाहुणा त्याच हॉटेलात शिरून खोली मागेल!

इथवर हसण्यावारी न्यायचे. पण काही शब्द तसे नाहीत.

इंग्लंडात 'पेव्हमेंट' म्हणजे पायी चालायचा फूटपाथ. अमेरिकेत पेव्हमेंट म्हणजे गाड्या धावतात तो डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता. आता "पेव्हमेंटवरच थांब हं बाळ" असे एका देशातल्या आईने दुसऱ्या देशातल्या मुलाला सांगितले, तर काय होईल ते सांगायला नको. मजल्यांचेही तसेच. आपण इंग्रजांच्या रीतीने आधी तळमजला मोजतो, मग पहिला मजला. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात. म्हणजे त्यांचा तिसरा तो आपला दुसरा.

मापाची गोष्ट जरा सावकाश पाहू, कारण तिथे पैसा येतो. अमेरिकेत पेट्रोल अजून गॅलनने विकतात. तो गॅलन सुमारे पावणेचार लिटरचा. इंग्लंडचा गॅलन सुमारे साडेचार लिटरचा. तुम्ही म्हणाल, अमेरिकेने माप बारीक केले. तसे नाही. अमेरिकेने इंग्लंडातलेच जुने, दारू मोजायचे माप चालू ठेवले. बदलले ते इंग्लंडने. १८२४ साली तिथे नवा कायदा झाला आणि दहा पौंड पाणी मावेल तो गॅलन असे ठरले. अमेरिका तोवर वेगळी झाली होती. तिने जुना गॅलन सोडला नाही. म्हणून आज एकच मोटार अमेरिकेच्या हिशेबाने गॅलनला ३० मैल धावते, आणि इंग्लंडच्या हिशेबाने ३६ मैल. मोटार तीच, पेट्रोल तेच!

'बिलियन'चा फरक तर याहून मोठा. अमेरिकेत बिलियन म्हणजे १०० कोटी. इंग्लंडात पूर्वी बिलियन म्हणजे एक लाख कोटी. म्हणजे हजारपट! अखेर १९७४ साली पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी पार्लमेंटात सांगून टाकले, की सरकारी कामात यापुढे बिलियन म्हणजे १०० कोटीच. जर्मन भाषेत मात्र बिलियन आजही लाख कोटींचा आहे.

आता लढाईतल्या दोन गोष्टी.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकी अधिकारी एका मसलतीला बसले होते. इंग्रजांनी एक कागद तयार केला होता. तो तातडीने चर्चेला घ्यावा, म्हणून ते म्हणाले, हा कागद आपण 'टेबल' करू. इंग्लंडात टेबल करणे म्हणजे विषय पुढे मांडणे. अमेरिकेत त्याचा अर्थ नेमका उलटा, विषय बाजूला ठेवणे. अमेरिकी म्हणाले, छे, हा कागद टेबल करून चालणार नाही! बराच वेळ वाद चालला, आवाज चढले. शेवटी उमगले, की दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे. ही हकीकत पंतप्रधान चर्चिल यांनीच महायुद्धाच्या आपल्या इतिहासात लिहून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट १९५१ च्या एप्रिलमधली, कोरियातली. इमजिन नदीकाठी ब्रिटिशांची ग्लॉस्टर पलटण चिनी फौजेच्या वेढ्यात सापडली होती. वरच्या अमेरिकी सेनापतीने विचारले, काय परिस्थिती आहे? ब्रिगेडियर ब्रॉडी म्हणाले, जरा 'स्टिकी' आहे. स्टिकी म्हणजे चिकट. इंग्रज माणूस संकट असे कमी करून सांगतो. त्याच्या तोंडी 'जरा चिकट' म्हणजे प्राणांशी गाठ. अमेरिकी सेनापती समजला, अडचण आहे, पण निभतील. त्याने माघारीचा हुकूम दिला नाही, असे सांगतात.

त्या एका शब्दानेच पलटण बुडाली असे म्हणणे बरोबर होणार नाही. चिनी फौज कितीतरी पटींनी मोठी होती आणि रसद तुटली होती. पलटणीने तीन रात्री टेकडी लढवली. शेवटी गोळ्या संपत आल्या. पाचशेहून अधिक सैनिक कैद झाले, आणि थोडेच लोक वेढ्यातून निसटून आपल्या फौजेला मिळाले.