खुर्ची एकाची, चावी दुसऱ्याची!

‘नायक’ पिक्चर आपण सगळ्यांनी पाहिलाय. एका दिवसाचा मुख्यमंत्री होऊन अनिल कपूर अख्खं राज्य सुधारतो. आता समजा, तुम्हाला एका दिवसासाठी तुमच्या शहराचा महापौर केलं, तर काय कराल? आमच्या वर्गात हा प्रश्न टाकल्यावर उत्तरं धडाधड आली. खड्डे बुजवू, कॉन्ट्रॅक्टरला ब्लॅकलिस्ट करू, कामचुकार साहेबाला सस्पेंड करू! खरी गंमत पुढेच आहे. यातलं जवळजवळ काहीच महापौराला स्वतःच्या सहीने करता येत नाही.

सर्किट समजून घेऊ

आपल्याकडे मुंबई सोडून बाकी महापालिका १९४९ च्या कायद्यावर चालतात. महापौराला तुम्ही-आम्ही मत देत नाही, नगरसेवक निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी. ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हे सोडतीत ठरतं. महापौर सभा चालवतो, शहराचा प्रथम नागरिक म्हणून मिरवतो. अंमलबजावणीचा अधिकार मात्र आयुक्तांकडे, आणि आयुक्तांना पाठवतं राज्य सरकार. पैशाच्या मोठ्या प्रस्तावांची चावी १६ जणांच्या स्थायी समितीकडे. म्हणजे लोड एकावर आणि पॉवर सप्लाय दुसऱ्याकडे! असं सर्किट आपण व्हायव्हात काढलं तर सर बाहेरच काढतील.

लंडनचा महापौर २००० पासून थेट लोक निवडतात आणि तोच कारभार हाकतो. आपल्या महापौराची त्याच्याशी तुलना करून शिव्या घालण्याआधी हा फरक लक्षात घ्यायला हवा.

आयुक्त पटत नसतील तर? कायद्यात सोय आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश जणांनी ठराव केला तर सरकारने आयुक्तांना परत बोलवायचं असतं. २५ ऑक्टोबर २०१६ ला शेजारच्या नवी मुंबईत तुकाराम मुंढे यांच्यावर असा अविश्वास ठराव आला. १११ नगरसेवकांच्या सभागृहात विरोधात जेमतेम ६ मतं पडली. तरीही सरकारने मुंढेंना लगेच हलवलं नाही, बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये. या वादात बरोबर कोण होतं यावर आमच्या कट्ट्यावर आजही दोन तट पडतात. पण शेवटचा स्विच मंत्रालयात असतो, यावर दोन्ही तटांचं एकमत!

नगराध्यक्ष : कधी थेट, कधी आडून

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या नगरपालिका. इथे महापौर नसतो, नगराध्यक्ष असतो आणि साहेब म्हणजे मुख्याधिकारी. हे सगळं १९६५ च्या कायद्याने चालतं. महापौरापेक्षा नगराध्यक्षाच्या हातात कारभाराच्या चाव्या थोड्या जास्त असतात. पण त्याला निवडायचं कुणी, हेच राज्याचं अजून ठरत नाही! २००१ मध्ये थेट जनतेतून, २००६ मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये रद्द आणि २०२२ मध्ये परत थेट. सरकार बदललं की नियम बदलला.

दोन्ही पद्धतींत खोट आहे. नगरसेवकांनी निवडलेला अध्यक्ष सतत त्यांची मनधरणी करत बसतो, गट फुटला की खुर्ची हलते. थेट निवडलेल्याची खुर्ची पक्की, पण सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचं असेल तर त्याचे विषय अडकून पडतात. गावातली गटारं मात्र तशीच तुंबलेली राहतात.

वादळ आलं तेव्हा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं. माझं घर समुद्रकाठच्या नगरपालिकेच्या हद्दीतलं, त्यामुळे हे सगळं जवळून कळलं. पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, दिवसेंदिवस लाईट नव्हती. लोक पहिल्यांदा कुणाकडे धावले? नगरसेवक आणि नगराध्यक्षांकडे. पण विजेचे खांब महावितरणचे, पंचनामे महसूल खात्याचे, भरपाई राज्य सरकारची, आणि लाईट नाही म्हणून पाण्याचे पंपही बंद! शिव्या खाणारा एक, आणि काम चार दारांत वाटलेलं.

पनवेलचा धडा

१ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल ही रायगडची पहिली महापालिका झाली आणि २०१७ मध्ये डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या. खारघर, कामोठे, कळंबोली हे सिडकोने वसवलेले भागही महापालिकेत आले. पुढे महापालिकेने मालमत्ता कराची बिलं पाठवली, तीही २०१६ पासूनची थकबाकी धरून. लोक चिडले. त्या काळात सेवा सिडको देत होती, तिचे सेवाशुल्कही आम्ही भरलं, मग दोनदा पैसे का? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. महापालिकेचीही अडचण होती. जकात गेलेली, मग हक्काचं उत्पन्न उरतं ते मुख्यतः मालमत्ता कराचंच. कर लावला तर मतं जातात, नाही लावला तर रस्ते होत नाहीत.

ठराव आणि पाणी

या सगळ्यात मला सर्वात मोठा वाटणारा प्रसंग महाडचा आहे. बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं. कागदावर! प्रत्यक्ष पाणी घेतलं गेलं ते २० मार्च १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला तेव्हा. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस या चळवळीच्या बाजूने उभे होते. तरी त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. पुढे कोर्टात भांडावं लागलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ मध्ये. अध्यक्ष चांगला असून भागत नाही, सभागृहही तसं लागतं. आणि सभागृह कोण निवडतं? आपणच ना!

मग करायचं काय?

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं ती सांगते. तरीही ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या. रायगडच्या दहा नगरपालिकांचं मतदान थेट २ डिसेंबर २०२५ ला झालं, पनवेलचं १५ जानेवारी २०२६ ला. मधली काही वर्षं सगळा कारभार प्रशासकाकडे. शिव्या घालायलासुद्धा आपला माणूस नव्हता!

आपण इंजिनियर लोक. फॉल्ट शोधताना आधी ड्रॉइंग बघतो, मग हातोडा उचलतो. तेव्हा पुढच्या वेळी रस्त्यावर खड्डा दिसला की आधी तो रस्ता कुणाचा ते विचारा. नगरपालिकेचा, पीडब्ल्यूडीचा की सिडकोचा? नगरपालिकेचं बजेट मागून वाचा. आणि अठरा पूर्ण झाली असतील तर मतदार यादीत नाव घाला. त्याला एटीकेटी नसते, डायरेक्ट पाच वर्षांचा ड्रॉप लागतो!