घागरीची साखर

‘काही करायलाच नाही’ ही मुलांची कुरकुर आपण रोज ऐकतो. १८७७च्या नाताळात दोन मुलींनी हीच तक्रार ‘ॲलिस’चे लेखक लुईस कॅरल यांच्याकडे केली. ते ऑक्सफर्डला गणित शिकवत आणि छोट्या मैत्रिणींना पत्रांतून कोडी लिहून पाठवत. या दोघींसाठी त्यांनी नवा खेळ रचला. दोन शब्द घ्यायचे. दर वेळी एकच अक्षर बदलत पहिल्याचा दुसरा करायचा. मधला प्रत्येक शब्दही अर्थाचा हवा. १८७९मध्ये तो साप्ताहिकात छापूनही आला.

मराठीत बघा: घागर, सागर, साखर. झाली घागरीची साखर!

आता मुलांना ‘नगर’चा ‘गजर’ करायला सांगा. मधे एकच शब्द, तो डोळ्यांत सापडेल. उत्तर लगेच सांगू नका. पाटी घेऊन शेजारी बसा. कंटाळ्याचं निम्मं औषध त्या बसण्यातच आहे.