उपेक्खा म्हणजे उपेक्षा नव्हे

मराठीत 'उपेक्षा' म्हणजे हेळसांड. या एका शब्दापायी चार ब्रह्मविहारांपैकी चौथ्याचा, उपेक्खेचा, आपल्याकडे मोठा विपर्यास झाला आहे. त्याची तीव्र जाणीव आम्हांस सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत झाली. टॉवेल कारखान्यात शिलाई करणाऱ्या एका उपासिकेने वंदनेनंतर विचारले, "सर, पोरगं तिशीचं झालं. मालकाकडून उचल घेतं, दारूत घालवतं, फेडते मी. नाही फेडली तर मी आई कसली?"

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत पहिले पापापासून रोखण्याचे, शेवटचे योग्य वेळी वारसा सोपविण्याचे. 'योग्य वेळी' हे शब्द सहसा वाचले जात नाहीत. त्याच सुत्तात संपत्तिनाशाच्या सहा द्वारांत मद्यपान पहिले आहे. उचल फेडणे म्हणजे रोखणे नव्हे. ते द्वार उघडे धरणे होय.

संघातही असा प्रसंग आला होता. भिक्षू छन्न हा सिद्धार्थाचा जुना सारथी. त्या अभिमानाने तो कोणाचेच ऐकेना. महापरिनिब्बान सुत्तानुसार तथागतांनी त्याला ब्रह्मदंड सांगितला: त्याला हवे ते बोलू द्यावे, पण भिक्षूंनी त्याच्याशी बोलू नये, उपदेश करू नये. मारहाण नाही, हकालपट्टी नाही. चुल्लवग्गात पुढची हकिगत आहे. कोसंबीच्या घोसितारामात आनंदांनी दंड ऐकविताच छन्न मूर्च्छित पडला. पुढे एकांतात साधना करून तो अर्हत झाला. प्रत्येक मुलाचे असेच होईल, असे मात्र आम्ही कोणत्याही आईस सांगणार नाही.

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात ब्रह्मविहारांसाठी चार पुत्रांच्या आईची उपमा दिली आहे. तान्ह्याविषयी तिची मैत्री, आजाऱ्याविषयी करुणा, तरुणाविषयी मुदिता. आणि स्वतःच्या कामाधंद्यात असलेल्या चौथ्याविषयी ती व्यग्र नसते. आई चौघांचीही तीच. अज्ञानातून आलेल्या बेफिकिरीला बुद्धघोष उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणतात, कारण ती दिसते उपेक्खेसारखीच.

अडचण इतकीच की व्यसनी मुलगा एकाच वेळी दुसरा आणि चौथा असतो. आजार म्हणून त्याला उपचार हवेत; पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हेच काम करीत आहे, आणि तेथे कुटुंबीयांशीही बोलले जाते. सज्ञान म्हणून त्याची उचल त्याचीच. जामीन म्हणून सही दिली नसेल तर कायद्यानेही ती आईवर बसत नाही.

उपेक्खेच्या भावनेत प्रत्येक जण आपल्या कर्माचा स्वामी, हा विचार येतो. त्याचा अर्थ 'गतजन्मीचे भोग' असा कोणी लावू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात तो सिद्धांत नाकारला आहे. येथे कर्म म्हणजे गेल्या शनिवारी घेतलेली उचल.

त्या उपासिकेने मालकास सांगून टाकले, की यापुढे मुलाची उचल आपल्या पगारातून वळती करू नये. मुलगा अजून पितो. रात्रीचे त्याचे ताट मात्र ती झाकून ठेवते.