पिल्लाचे दूध तोडताना : पहिले आठ आठवडे

दोन हिवाळ्यांपूर्वी टोमॅटोवरील फळे पोखरणाऱ्या अळीच्या सर्वेक्षणासाठी मी भिलाईहून धमधा भागात गेले होते. काम आटोपल्यावर शेतमालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही किड्यांच्या डॉक्टर, तर एवढे एक बघून जा." गोणपाटावर जेमतेम पंचवीस दिवसांचे गावठी पिल्लू पडले होते. हिरड्या पांढऱ्याफटक, तोंडाला लाळ, अंगाला कंप. पिसवांसाठी त्यांनी सकाळीच फवारणीचे उरलेले द्रावण फडक्याने त्याच्या अंगाला चोळले होते. आम्ही त्याला लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले, परंतु संध्याकाळच्या आत ते दगावले.

विष हे तात्कालिक कारण झाले. मूळ चूक पिल्लू आईपासून तोडले त्या दिवशीच घडली होती. डोळे उघडले की आणावे, म्हणजे मालकाचा लळा लागतो आणि राखण चांगली होते, अशी समजूत आपल्याकडेही अनेक वाड्या-वस्त्यांवर आढळते.

पिल्लाचे डोळे साधारणतः दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, पण त्याचा दूध तोडण्याशी काही संबंध नाही. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यात फुटू लागतात आणि त्यानंतरच आई स्वतः दूध तोडण्यास आरंभ करते. भिलाईत आमच्या सेक्टरमधील जिन्याखाली व्यालेल्या कुत्रीचे हे वर्तन मी रोज पाहत असे. प्रथम ती आडवी होऊन पाजायची. चौथ्या आठवड्यापासून उभ्यानेच पाजू लागली, मध्येच निघून जाऊ लागली. एके दिवशी तिने पिल्लांपुढे अन्न ओकले, तेव्हा ती आजारी आहे असे समजून शेजारी औषध शोधू लागले. वस्तुतः अर्धवट पचलेले ते अन्न हा पिल्लांचा पहिला घास होता. लांडग्यांतही हीच रीत आहे.

माणसाने यात हातभार लावायचा तो याच सुमारास. उथळ ताटलीत तांदळाची वा नाचणीची पातळ पेज, त्यात कुस्करलेले उकडलेले अंडे, दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. तिखट-मीठ नको, आणि कांदा तर मुळीच नको; त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. केवळ गाईच्या दुधावर पिल्लू वाढवू नये. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात, दुग्धशर्करा मात्र कमी. म्हणून गाईच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते आणि पोषणही अपुरे पडते. पेज हळूहळू घट्ट करीत सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत दूध पूर्ण तुटते. त्याच काळात आईचा वाढीव आहार कमी करीत आणावा. सर्व पिल्ले एकाच दिवशी उचलून नेली तर दूध साचून तिला स्तनदाह होण्याचा धोका असतो.

पोटाची सोय झाली तरी आठवा आठवडा का थांबावे, असे विचारले जाते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी 1965 मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या प्रदीर्घ अभ्यासानुसार तिसरा ते बारावा आठवडा हा कुत्र्याच्या सामाजिक शिक्षणाचा काळ होय. चावा किती जोराचा घ्यायचा, हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकते. शेळ्या-मेंढ्यांत वावरणाऱ्या राखणदाराला या शिक्षणाची गरज अधिकच. केंद्र शासनाच्या 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनीही आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई केली आहे.

आता माझ्या विषयाकडे वळते. प्रौढ पिसू प्राण्याच्या अंगावर राहते. तिची अंडी मात्र अंथरुणात गळतात आणि अळ्या गोणपाटाच्या शिवणीत वाळक्या रक्तमिश्रित विष्ठेवर वाढतात. उबदार व दमट हवेत तीन-चार आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणजे पिल्लू खाऊ लागते त्याच वेळी त्याचे रक्त पिणारेही वाढलेले असतात. त्यातच आईच्या दुधातून अंकुशकृमी आलेले असले की रक्तक्षय झपाट्याने बळावतो. यासाठी गोणपाट आठवड्याला उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे, बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात, आणि दुसऱ्या आठवड्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वजनानुसार जंतनाशक द्यावे. पिकावरील कोणतेही कीटकनाशक, गोठ्यातील गोचिडांसाठीचे अमित्राझ किंवा कोठाराच्या कोपऱ्यात उरलेली, 31 डिसेंबर 2020 पासून बंदी असलेली डायक्लोरव्हॉसची बाटली पिल्लाच्या जवळही नेऊ नये. पिल्लू स्वतःला आणि भावंडांना चाटते. अंगावरचे विष पोटात जाण्यास तेवढे पुरे.

लसीकरण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे प्रत्येक पिल्लात निरनिराळ्या वेळी ओसरतात आणि ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. दुर्गजवळील अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने आमच्या भागात याची सोय जवळच आहे.

गेल्या हिवाळ्यात धमध्याच्या त्याच शेतमालकांचा दूरध्वनी आला. शेजारच्या वस्तीवर कुत्री व्याली होती. पिल्लू निवडून ठेवले होते, आणले मात्र नव्हते. आई असलेल्या ठिकाणीच ते रोज एक वेळ पेज नेऊन देत होते. आणताना सोबत काय आणावे, असे त्यांनी विचारले. आईच्या अंथरुणातील एक फडके आणा, पण आधी त्यातील पिसवा झटकून ते उन्हात वाळवा, असे मी सांगितले.